विलायतेतील कामाची रीत आणि आपली माणसे

परदेशी नोकरीस जाणे ही गोष्ट आता भंडारा जिल्ह्यात पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाही. कोणाची मुलगी परिचारिका म्हणून विलायतेतील इस्पितळात रुजू होते. कोणाचा मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून तेथील विद्यापीठात जातो आणि शिकता शिकता आठवड्याचे काही तास एखाद्या दुकानात उभा राहतो. कोणी अभियंता म्हणून जातो, कोणी संगणकाच्या कामावर. जाण्यापूर्वी घरात तयारी कशाची होते? गरम कपड्यांची, लोणच्या-चटणीची, विमानाच्या तिकिटाची आणि इंग्रजीच्या परीक्षेची. कामाच्या जागी माणसे एकमेकांशी कशी वागतात, हुकूम कसा सुटतो, नकार कसा देतात, तक्रार कोठे करतात, याची तयारी मात्र कोणी करून देत नाही. ती थोडीबहुत करून द्यावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

हा विषय कामगार संघटनेच्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे वाचन फाटकावरच्या सभा आणि पाळ्या सांभाळून रात्री झालेले. विलायतही आम्ही पाहिलेली नाही. परंतु कामावर नवा माणूस येतो तेव्हा त्याचे काय होते, हे पाहण्यात आमची तीसएक वर्षे गेली. धानाच्या बांधीवरून उठून थेट कारखान्यात आलेला मुलगा आणि भंडाऱ्याहून उठून बर्मिंगहॅमला गेलेली मुलगी यांच्या अडचणींत आम्हास फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही काम येते. कामाच्या जागेची रीत माहीत नसते. आणि रीत माहीत नसलेल्या माणसाचा फायदा घेणारा कोणीतरी जगात सर्वत्र असतो. तेथे जाऊन आलेल्या व तेथेच राहिलेल्या मुलामुलींशी बोलून, तसेच तेथील कायदे आणि कामगार चळवळीचा इतिहास वाचून आम्हास जे समजले, ते येथे मांडतो.

साहेब कोठून आला?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘इंग्रजी शिस्त’ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहतो: मोठा बंगला, दारात चपराशी, आणि समोर हात बांधून उभी असलेली माणसे. हे चित्र आपल्याकडे आले ते खाणींतून आणि रेल्वेतून. मध्य प्रांतातील मँगनीजच्या खाणींत ज्या कंपनीचा मोठा वाटा होता, ती १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने सुरू झाली आणि पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. ती विलायतेत नोंदलेली, भांडवलही विलायतेचे. १९६२ साली भारत सरकारशी झालेल्या कराराने तिची मालमत्ता नव्या कंपनीकडे आली. तीच आजची मॉयल. आपल्या तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी तिच्याच आहेत. तरीही १९६२ साली ४९ टक्के भाग जुन्या इंग्रजी कंपनीकडे राहिले होते. तेही सरकारने १९७७ साली घेतले. रेल्वेचे तसेच. १८८७ साली स्थापन झालेली बंगाल-नागपूर रेल्वे तुमसर रोड, गोंदियावरून पुढे गेली, आणि वरच्या जागी गोरे, मधल्या जागी अँग्लो-इंडियन व तळाला आपली माणसे अशी उतरंड तिच्याबरोबर आली.

या उतरंडीलाच आपण इंग्रजांची कामाची रीत समजून बसलो. वस्तुतः ती राज्य करण्याची रीत होती. ती इंग्रजांनी येथे घडविली आणि येथेच वापरली. आपल्या गावी तोच साहेब दुकानासमोर रांगेत उभा राहत असे. इंग्रज गेला, खुर्ची राहिली, आणि खुर्चीत आपला माणूस बसला तरी समोरच्याने उभे राहावयाचे ते राहिलेच. म्हणून आपला मुलगा तेथे पहिल्या दिवशी कामावर जातो तेव्हा ज्या साहेबाची त्याने धास्ती घेतलेली असते, तो साहेब त्यास भेटतच नाही. भेटतो तो सदऱ्याच्या बाह्या वर केलेला, हसून आपले पहिले नाव सांगणारा मनुष्य. येथूनच गोंधळास आरंभ होतो.

हुकमाची भाषा

तेथे बहुतेक कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि इस्पितळांत वरिष्ठास पहिल्या नावाने हाक मारतात. ‘सर’ हा शब्द शाळेत आणि लष्करात चालतो; इतरत्र फार वेळा ‘सर’, ‘सर’ केले तर ऐकणारा संकोचतो. आपल्या मुलांच्या तोंडी वडीलधाऱ्या माणसाचे नुसते नाव येणे कठीण. अडखळत का होईना, ते घ्यावे. त्यात अपमान नाही.

चहा ज्याचा त्याने करावयाचा असतो. पुष्कळ ठिकाणी पाळी असते: जो आपल्यासाठी चहा करावयास उठतो, तो शेजारच्या चार-पाच जणांना विचारून त्यांचाही करतो. मॅनेजरही उठतो. आपल्याकडून गेलेला एखादा मुलगा चपराशाची वाट पाहत बसतो, किंवा दररोज दुसऱ्याने केलेला चहा पितो आणि स्वतः कधी उठत नाही. कोणी त्यास बोलत नाही, पण सर्वांच्या ध्यानात राहते. कप विसळून जागेवर ठेवणे हाही तेथे कामाचाच भाग मानतात.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हुकूम. आपल्याकडे मुकादम म्हणतो, ‘हे आधी कर.’ तेथे वरिष्ठ म्हणतो, ‘तुला सवड झाली तर हे एकदा पाहशील का?’ आपला माणूस समजतो की सवड झाली तर पाहावयाचे. संध्याकाळी त्यास विचारणा होते तेव्हा तो चकित होतो. प्रश्नाच्या रूपात आला तरी तो हुकूमच असतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. संशय असेल तर ‘हे आज पाहिजे की उद्या?’ असे सरळ विचारावे. असा प्रश्न तेथे कोणास वाईट वाटत नाही.

स्तुती आणि निंदा यांचीही मापे निराळी. ‘नॉट बॅड’ म्हणजे बरेच चांगले. उलट ‘क्वाइट गुड’ हे आपल्या कानाला चांगले वाटते, पण त्यांच्या बोलण्यात पुष्कळदा ‘ठीक आहे, फार नव्हे’ एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘कदाचित याचा पुन्हा विचार करावा’ असे कोणी म्हटले तर ते काम चुकले आहे असे समजावे. सकाळी कोणी ‘आर यू ऑलराइट?’ म्हणाला तर तो प्रकृतीची चौकशी करीत नसतो. तो आपल्याकडच्या ‘काय, कसं काय?’ सारखा नमस्कार आहे. त्यावर सर्दी-पडशाचे वर्णन करू नये, ‘ठीक, आपण?’ एवढे पुरते. पगार किती, वय काय, लग्न का झाले नाही, हे प्रश्न आपल्या गाडीत शेजारी बसलेला अनोळखी मनुष्यही आपुलकीने विचारतो. तेथे ते खाजगी समजतात.

वेळेविषयी दोन शब्द. आठची पाळी म्हणजे आठ वाजता कामाला हात लागला पाहिजे. उशीर होणार असेल तर आधी फोन करून सांगावे. मागून दिलेली सबब तेथे फारशी चालत नाही. आजारी पडल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी कळवावे. पहिल्या सात दिवसांसाठी स्वतःचे निवेदन पुरते. त्यापुढे वैद्यकीय दाखला लागतो. आणि साहेब बसला आहे म्हणून आपणही रात्रीपर्यंत बसावे, हा आपल्याकडचा रिवाज बहुतेक ठिकाणी निष्ठेचे लक्षण मानत नाहीत. वेळेत काम उरकत नाही असाच त्याचा अर्थ लावतात.

‘हो जी’ म्हणण्यातील धोका

आपल्या भागात ‘हो जी’ हा शब्द फार गोड आहे. पण त्याचे दोन अर्थ आहेत. एक ‘समजले’, आणि दुसरा ‘आपण बोलता आहात, मी ऐकतो आहे’. वडीलधाऱ्यासमोर ‘समजले नाही’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून न समजताही मान हलते. तेथील मनुष्य ‘येस’ ऐकतो आणि काम समजले असे धरून निघून जातो. दुकानात यामुळे फार तर माल चुकीच्या फळीवर लागेल. इस्पितळात औषधाची मात्रा चुकेल.

न बोलण्याचे परिणाम त्या देशानेही भोगले आहेत. स्टॅफर्ड येथील इस्पितळात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. त्याची सार्वजनिक चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांच्याकडे होती आणि तिचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात २९० शिफारशी होत्या. कर्मचाऱ्यांत भीतीचे वातावरण होते, आणि ज्यांना चुकीचे दिसत होते त्यांतील बहुतेक गप्प राहिले किंवा त्यांचे कोणी ऐकले नाही, हे त्या चौकशीत दिसून आले. त्यानंतर २०१४ मध्ये रुग्णाच्या बाबतीत काही गंभीर चूक घडल्यास ती रुग्णाला व त्याच्या माणसांना उघडपणे सांगण्याचे बंधन इस्पितळांवर कायद्याने घातले गेले. तेथे नोंदणी असलेल्या परिचारिकेवर तर रुग्णाच्या सुरक्षिततेविषयी शंका आली की ती बोलून दाखविण्याचे बंधन तिच्या व्यवसायाच्या नियमांनीच घातलेले आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याला तोंड वर करून बोलणे म्हणतात, ते तेथे तिचे कर्तव्य ठरते. डॉक्टरला ‘ही मात्रा एकदा पुन्हा पाहाल का?’ असे विचारणारी परिचारिका उद्धट नसते, दक्ष असते.

कारखान्यातही हेच आहे. १९७४ च्या आरोग्य व सुरक्षितता कायद्यानंतर, मान्यता मिळालेल्या युनियनला आपले सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क १९७७ च्या नियमांनी मिळाला. ते प्रतिनिधी कामाची जागा तपासू शकतात. गंभीर आणि तात्काळ धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले तर कामगाराने तेथून बाजूला व्हावे, त्यासाठी त्यास शिक्षा होऊ नये, असेही १९९६ च्या कायद्यात आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेला स्फोट ज्यांनी ऐकला, त्या आपल्या जिल्ह्याला ‘थांबा, येथे धोका आहे’ या शब्दांची किंमत आम्ही वेगळी सांगावयास नको.

गोड बोलणे म्हणजे बरोबरी नव्हे

आता या विषयातील मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या नावाने हाक, ‘प्लीज’, ‘थँक यू’, एकत्र चहा, यांवरून पुष्कळांचा असा समज होतो की येथे मालक-नोकर हा भेदच नाही. हा समज घातक आहे. जो मॅनेजर काल हसून चहा देतो, तोच आज तितक्याच गोड शब्दांत नोकरी संपल्याचे पत्र देऊ शकतो, आणि त्यास त्यात विसंगती वाटत नाही. सौजन्य ही तेथील वागण्याची पद्धत आहे. तुमचा हक्क निराळा, आणि तो कोणाच्या सौजन्याने आलेला नाही.

तो कसा आला, हे थोडक्यात सांगतो. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात सहा शेतमजुरांनी मजुरी घटू नये म्हणून संघटना केली. गुप्त शपथ दिल्याच्या आरोपावरून १८३४ साली त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियास धाडण्यात आले. देशभर ओरड झाली तेव्हा दोन वर्षांनी माफी मिळाली. १८८८ साली लंडनमध्ये आगपेट्यांच्या कारखान्यातील मुली व बायांनी संप केला. १८८९ मध्ये गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप केला आणि जिंकला. आज तेथे जो कामगार मॅनेजरला नावाने हाक मारतो, त्याच्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

परंतु हे हक्क बाहेरून आलेल्या माणसास आपोआप लाभले नाहीत. रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे इंग्रजी आगबोटींवर काम करीत. एकाच बोटीवर गोऱ्या खलाशाचा करार निराळा आणि हिंदी खलाशाचा निराळा, पगारही कमी. ब्रिस्टल शहरात बस कंपनी काळ्या व आशियाई माणसांना बसवर वाहक-चालक म्हणून घेत नसे, आणि तेथील गोऱ्या कामगारांच्या संघटनेचाही या बंदीला पाठिंबा होता. १९६३ साली लोकांनी बसवर बहिष्कार घातला तेव्हा ती बंदी उठली. १९६५ व १९६८ साली वंशभेदाविरुद्ध कायदे झाले, त्यांस ही हकिगत बरीच कारण झाली असे मानतात. १९७४ साली लेस्टर येथे टाइपरायटरच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी बोनसमधील भेदाभेदावरून संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनच्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना साथ दिली नाही.

मग १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्सडेन भागातील ग्रनविक या छायाचित्रे धुण्याच्या कारखान्यात संप झाला. त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आपल्या गुजराती भगिनी पुष्कळ होत्या, आणि जयाबेन देसाई त्यांच्या अग्रभागी होत्या. सक्तीचा जादा वेळ, कमी पगार आणि शौचास जाण्यासही परवानगी मागावी लागणे, ही त्यांची गाऱ्हाणी. या वेळी चित्र बदलले. टपाल कामगारांनी कारखान्याची टपाले उचलण्याचे नाकारले, खाणकामगार दूरदूरहून फाटकावर आले. संप १९७८ च्या जुलैत मागे घ्यावा लागला. कामावरून काढलेल्यांना परत घेतले गेले नाही. तरी साडी नेसलेल्या बाईसाठी इंग्रज खाणकामगार फाटकावर उभा राहिला, हे त्या देशाने प्रथमच पाहिले. लेस्टर आणि ग्रनविक यांमध्ये केवळ दोन वर्षांचे अंतर आहे. जे बदलले ते बाहेरून आलेली माणसे गप्प बसली नाहीत म्हणून बदलले.

कागद सांभाळा

बिडीच्या धंद्यात ‘छाट’ म्हणजे काय, हे आपल्या बायांस विचारावे. बाई हजार बिड्या वळून नेते; त्यांतील किती चांगल्या आणि किती छाट, हे सट्टेदार आपल्या नजरेने ठरवितो. लिहिलेले काही नाही, म्हणून भांडावयास आधार नाही. तेथील कामाच्या रीतीचे मर्म याच्या अगदी उलट आहे. तेथे सर्व भिस्त लिहिलेल्या शब्दावर असते. तोंडी वचनाला सौजन्याइतकीच किंमत.

म्हणून काही गोष्टी पाठ कराव्यात. ६ एप्रिल २०२० पासून मालकाने नोकरीच्या अटी कामाच्या पहिल्याच दिवसापर्यंत लेखी दिल्या पाहिजेत: पगार, तास, सुटी, जागा, नोटीस. प्रत्येक पगाराबरोबर तपशीलवार पगारपत्रक मिळाले पाहिजे. त्यात काय कापले ते लिहिलेले असते. किमान वेतनाचा कायदा १९९८ चा आहे आणि दर वेळोवेळी बदलतो. तो सरकारच्या प्रसिद्धीपत्रकात स्वतः पाहावा, कोणाच्या तोंडून ऐकू नये. आठवड्याचे काम सरासरीने ४८ तासांहून अधिक नसावे. अधिक करावयास स्वतःची लेखी संमती लागते, आणि ती न देण्याचा अधिकार आहे. सहा तासांहून अधिक काम असेल तर मध्ये निदान २० मिनिटांची विश्रांती, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत साधारणपणे ११ तासांची मोकळीक. पूर्णवेळ कामगारास वर्षातून ५.६ आठवडे, म्हणजे २८ दिवस, भरपगारी रजा. त्यात सार्वजनिक सुट्या धरता येतात. हे नियम इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचे. उत्तर आयर्लंडमध्ये कायदे निराळे आहेत, जरी पुष्कळसे सारखे असले तरी.

आरोपपत्र आले आणि शिस्तभंगाच्या सुनावणीस बोलाविले, तर एकट्याने जाऊ नये. १९९९ च्या कायद्याने सहकाऱ्यास किंवा युनियनच्या प्रतिनिधीस बरोबर नेण्याचा हक्क दिलेला आहे. आपली मुले येथे घाबरतात. युनियनचा माणूस नेला तर साहेब चिडेल असे त्यांस वाटते. तेथे तो चिडत नाही, निदान दाखवीत तरी नाही; त्याच्याही दृष्टीने तो कामकाजाचा भाग आहे. इस्पितळात युनिसन आणि रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, कारखान्यांत युनाइट, अनेक धंद्यांत जीएमबी, अशा संघटना आहेत. रुजू झाल्यापासून पहिल्याच महिन्यात सभासद व्हावे. संकट आल्यावर सभासद होणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे. युनियन नसेल तेथे सल्ल्यासाठी अकॅस ही सार्वजनिक संस्था आहे. १९७० च्या दशकापासून ती मालक-कामगारांच्या तंट्यांत समेट घडविते आणि दोघांनाही फुकट सल्ला देते.

आणि स्वतःची एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती तास काम केले, कोणी काय सांगितले, हे तारखेसह लिहावे. तोंडी काही ठरले तर त्याच दिवशी नम्रपणे लिहून पाठवावे: ‘आज आपले असे बोलणे झाले, माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवावे.’ आपल्याकडे हे अविश्वासाचे लक्षण समजतील. तेथे हा व्यवस्थितपणा समजतात.

व्हिसाची दोरी

इतके असूनही नवा आलेला मनुष्य दुबळा राहतो, त्याचे कारण व्हिसा. कामाचा व्हिसा बहुधा एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली आणि सरकारने व्हिसा आटोपता घेतला, की साधारणपणे ६० दिवसांत दुसरा पुरस्कर्ता मालक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. ज्याच्या गळ्यात ही दोरी आहे तो बोलेल कसा? २०२२ च्या फेब्रुवारीत वृद्ध व अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी हा मार्ग खुला झाला तेव्हा हिंदुस्थानातून पुष्कळ माणसे गेली. अनेकांनी दलालांना लाखो रुपये दिले, आणि तेथे गेल्यावर काहींना सांगितलेले काम नव्हते, काहींना कामच नव्हते. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून या कामावर नवी भरती बंद झाली आहे. तेव्हा आज कोणी गावात येऊन ‘शुश्रूषेच्या कामावर विलायतेस पाठवितो’ म्हणून पैसे मागू लागला, तर तो काय विकतो आहे हे ओळखावे. नोकरी शोधून दिल्याबद्दल कामगाराकडून फी घेणे तेथील १९७३ च्या कायद्याने, काही थोडे अपवाद सोडल्यास, निषिद्ध आहे. शेत गहाण टाकून दलालाचे घर भरण्यापूर्वी एवढे एक वाक्य वडीलमंडळींनी आठवावे.

आणखी एक गोष्ट सांगताना मनास क्लेश होतात. मालक आपल्या देशाचा आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. बिहारमधील एका आदिवासी बाईस घरकामासाठी एका हिंदी कुटुंबाने इंग्लंडमध्ये नेले. साडेचार वर्षे तिला दिवसाला अठरा तास राबविले, जमिनीवर निजविले, आणि मजुरी पडली तासाला अकरा पेन्स. तिने दाद मागितली. २०१४ साली वरच्या न्यायाधिकरणाने असे म्हटले की जातीवरून केलेला भेदभाव काही प्रसंगी वांशिक मूळ या सदराखाली २०१० च्या समता कायद्यात येऊ शकतो. आणि २०१५ मध्ये तिला थकलेल्या किमान वेतनापोटी एक लाख त्र्याऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा निकाल झाला. जात हा शब्द स्पष्टपणे कायद्यात घालावा अशी तरतूद २०१३ मध्ये झाली होती, पण २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरविले. आपली जात विमानतळावर राहत नाही, ती सामानातून जाते, हे यावरून दिसते. पण त्याबरोबर हेही दिसते की एकटी बाईसुद्धा योग्य माणसे भेटली तर न्याय मिळवू शकते. पासपोर्ट मात्र कोणाच्याही हाती देऊन ठेवू नये, मग तो मालक असो की मामा.

काय सोडावे, काय राखावे

नवी रीत शिकावयाची म्हणजे आपले सगळे टाकावयाचे, असे नव्हे. वाकणे टाकावे; नम्रता राखावी. ‘हो जी’मधला होकार तपासून द्यावा, त्यातला गोडवा असू द्यावा. मराठी बोलणारी माणसे शोधावीत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि इतर शहरांतही मंडळे आहेत. परंतु केवळ आपल्याच माणसांत बसून राहू नये. शेजारच्या टेबलावरचा पोलंडचा किंवा नायजेरियाचा कामगार कालच या वाटेने आलेला असतो. त्यास पुष्कळ माहीत असते.

परत येणाऱ्यांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. प्रतिष्ठेच्या गोष्टी सांगण्याऐवजी त्यांनी येथे एवढे करून दाखवावे: हाताखालच्या माणसास बसावयास सांगावे, आपला कप आपण विसळावा, आणि कोणी ‘समजले नाही’ म्हणाला तर न रागावता पुन्हा सांगावे. तुमसरच्या आणि साकोलीच्या कारखान्यांतून, कचेऱ्यांतून एवढे झाले तरी साहेबाची खुर्ची पुष्कळशी खाली येईल.

शेवटी वडीलमंडळींस एक विनंती. मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘पगार किती?’ त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. अटींचा कागद मिळाला का? युनियनची सभासद झालीस का? आणि तुझ्याजवळ बसून जेवणारे कोणी आहे का? यांतील एकाचेही उत्तर ‘नाही’ आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा. फक्त पगार विचारला, तर पोर सुखात आहे की संकटात, हे घरच्यांस फार उशिरा कळते.